न संपलेला सप्टेंबर: आंतरजालावरील शिष्टाचाराचा विसरलेला इतिहास

१/
१९ सप्टेंबर १९८२. सकाळचे ११ वाजून ४४ मिनिटे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने एक लहानसा प्रस्ताव मांडला. थट्टेने लिहिलेल्या मजकुराला :-) अशी खूण जोडावी आणि वाचणाऱ्याने ती मान कलती करून पाहावी. आपण आज दिवसातून कितीदा तरी जो हसरा चेहरा पाठवतो, त्याचा हा थेट पूर्वज.

२/
या खुणेच्या जन्माला एक लिफ्ट कारणीभूत झाली. त्या फलकावर काही दिवस एक गमतीदार चर्चा रंगली होती: दोर तुटून कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पेटती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब ठेवला, तर त्यांचे काय होईल? त्यावर एकाने गंभीर चेहऱ्याने इशारा लिहिला, की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे डावीकडची लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली असून थोडी जळलीही आहे. आधीची चर्चा न वाचलेल्या काहींनी तो खरा मानला.

३/
येथे क्षणभर थांबावे. ही माणसे एकाच विद्यापीठातील, उच्चशिक्षित, आपापल्या नावाने लिहिणारी. कोणी चेहरा लपवला नव्हता, कोणाच्या मनात दुष्टावाही नव्हता. तरीही साधी थट्टा समोरच्यापर्यंत पोचली नाही. 'नाव लपवता येते म्हणून लोक जालावर वाटेल तसे वागतात,' असे आज सर्रास म्हटले जाते. त्या विधानात तथ्य आहे. परंतु पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर ते अपुरे ठरते. आजचा धागा त्याविषयी.

४/
आरंभ आर्पानेटपासून. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये या जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. दूरवरच्या महागड्या संगणकांची शक्ती संशोधकांना वाटून वापरता यावी, हा मूळ हेतू होता. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी जाळ्यावरील एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवण्याची सोय केली, आणि माणसांनी यंत्रांच्या त्या जाळ्याचा ताबा गप्पांसाठी घेतला. १९७५ मध्ये 'मेसेज ग्रुप' ही चर्चायादी सुरू झाली. तिचा विषय काय, तर स्वतः ई-पत्रच!

५/
या नव्या माध्यमाचा पहिला गुण जे. सी. आर. लिकलायडर आणि अल्बर्ट वेझा यांनी १९७८ च्या एका शोधनिबंधात नेमका टिपला. त्यांचे निरीक्षण असे, की ई-पत्रात वयाने वा पदाने मोठ्या असलेल्या व्यक्तीलाही तुटक, अशुद्ध वाक्यांत लिहिता येते आणि तिला त्याचा राग येत नाही. कागदी पत्रातील मायना, नमस्कार, औपचारिक समारोप हे सारे गळून पडले होते. विशीतला विद्यार्थी विभागप्रमुखाला दोन ओळींत प्रश्न विचारू शकत होता. पत्रव्यवहाराच्या इतिहासात ही लहान क्रांती नव्हे.

६/
पण मायना गळाला, त्यासोबत आणखीही काही गळाले. स्वर, स्मित, भुवई उंचावणे, अवघडलेली शांतता. १२ एप्रिल १९७९ रोजी 'मेसेज ग्रुप'वर केव्हिन मॅकेन्झी यांनी ही उणीव बोलून दाखवली आणि खोचक वाक्यानंतर -) अशी खूण करावी, असे सुचवले. ती सूचना रुजली नाही. याच काळात संगणकवाल्यांच्या बोलीत एक शब्द मात्र चांगलाच रुजत होता: 'फ्लेम', म्हणजे ज्वाळा. लेखी चर्चेत एकाएकी भडकून उठणाऱ्या शाब्दिक आगीला हे नाव पडले.

७/
एक प्रसंग त्याआधीचा. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकाची जाहिरात आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली. संतापाची लाट उसळली आणि जाळ्याच्या व्यवस्थापनाने समज दिली. पुढे 'स्पॅम' म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या प्रकाराचे हे आद्य उदाहरण मानतात. येथेही नाव लपवलेले नव्हते. पाठवणारा राजरोस आपल्या कंपनीच्या नावाने आला होता.

८/
आता पुन्हा १९८२ कडे. लिफ्टच्या घोटाळ्यानंतर थट्टेसाठी कोणती खूण वापरावी, यावर त्या फलकावर खल झाला. कोणी * सुचवले, कोणी %, कोणी &, कोणी #. त्यांत फालमन यांची :-) टिकली, कारण ती चिन्ह असूनही चेहरा होती. त्यांनी जोडीला :-( ही खूणही सुचवली होती. तिचा मूळ अर्थ 'हा मजकूर थट्टेचा नाही' एवढाच होता. लोकांनी लवकरच ती नाराजी आणि दुःख दाखवण्यासाठी वापरली. लेखनातून जो चेहरा गळाला होता, तो तीन विरामचिन्हांतून परत आणण्याचा हा प्रयत्न होता.

९/
विशेष म्हणजे दोनच वर्षांनी याच विद्यापीठातून या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास पुढे आला. सारा कीस्लर, जेन सीगल आणि टिमथी मॅग्वायर यांनी १९८४ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तिघातिघांच्या गटांना एखाद्या पेचावर एकमत करायला सांगितले. काही गट समोरासमोर बसले, काहींनी केवळ संगणकावरून चर्चा केली. संगणकावरच्या गटांना निर्णयास अधिक वेळ लागला. त्यांच्यात शिवीगाळ आणि टोमणेही अधिक आढळले.

१०/
परंतु त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. संगणकावरच्या गटांत सर्वांचा सहभाग अधिक समान होता. समोरासमोरच्या बैठकीत एकच जण बोलत राहतो आणि बाकीचे माना डोलावतात; तसे येथे कमी घडले. संकोच गेला, म्हणून मुखदुर्बळ माणूस बोलू लागला. संकोच गेला, म्हणून कोणी कोणाला अपमानकारकही बोलले. मूळ एक, फळे दोन. लिकलायडर यांनी पाहिलेली समता आणि मॅकेन्झी यांनी ओळखलेली उणीव ही एकाच नाण्याची रूपे होती.

११/
मग या नाण्याची एकच बाजू जवळ ठेवता येईल का? हा प्रयत्न ज्या जागी सर्वांत चिकाटीने झाला, तिचे नाव यूजनेट. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना मांडली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी ती साकारण्यास हातभार लावला, आणि १९८० मध्ये ते सर्वांसमोर आले. आर्पानेटमध्ये प्रवेश नसलेल्या विद्यापीठांसाठी हे 'गरिबाचे आर्पानेट' होते. संगणक एकमेकांना साध्या दूरध्वनी तारेवरून फोन करीत आणि संदेशांच्या गठ्ठ्यांची देवघेव करीत.

१२/
यूजनेटला मालक नव्हता, मुख्यालय नव्हते, विषयवार 'वृत्तगट' तेवढे होते. लिहिणारे बहुधा आपल्या नावाने लिहीत आणि खाली विद्यापीठ वा कंपनीसह स्वाक्षरी जोडत. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'वेल' या चर्चामंडळात तर तत्त्वच होते, की आपल्या शब्दांची जबाबदारी आपली, आणि सदस्याचे खरे नाव इतरांना कळू शके. एवढे असूनही दोन्हीकडे ज्वाळा उठतच. नामफलक दारावर लावला, म्हणून घरातले भांडण थांबत नाही.

१३/
मग यूजनेटवाल्यांनी काय केले? त्यांनी आपले संकेत घडवले. पहिला, 'रॉट-१३'. विनोदाच्या वृत्तगटात काही विनोद एखाद्या समाजाला दुखावणारे असत. ते प्रत्येक इंग्रजी अक्षर १३ घरे पुढे सरकवून लिहीत. मजकूर निरर्थक दिसे. एक कळ दाबली की मूळ रूपात येई. कुलूप इतके तकलादू, की कोणीही उघडावे. पण उघडण्याचा निर्णय वाचकाचा असे. मनाई नाही आणि जबरदस्तीही नाही. दाराशी थांबून 'आत येऊ का?' विचारण्यासारखेच ते होते.

१४/
दुसरा संकेत, 'किलफाइल'. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या 'आर-एन' या वाचनप्रणालीने ही सोय लोकप्रिय केली. ज्याचे लेखन नको, त्याचे नाव या यादीत घालावे. त्याचे संदेश आपल्याला दिसत नाहीत. कोणाची तक्रार नाही, कोणाची हकालपट्टी नाही. आजचे 'ब्लॉक' हे त्याचेच वंशज. तिसरा संकेत म्हणजे 'नेहमीचे प्रश्न' आणि त्यांची उत्तरे यांची यादी. नवख्याने तेच तेच विचारून जुन्यांना पिडू नये आणि जुन्यांनी त्याच्यावर खेकसू नये, म्हणून ती ठराविक काळाने पुन्हा पुन्हा टाकली जाई.

१५/
नवख्यांसाठी मार्गदर्शिकाही लिहिल्या गेल्या. चक व्हॉन रॉस्पॅक यांच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेचा पहिलाच उपदेश होता, की पलीकडे माणूस आहे याचा विसर पडू देऊ नका. ब्रॅड टेम्पलटन यांनी तर उलटा मार्ग धरला. 'एमिली पोस्टन्यूज' या काल्पनिक शिष्टाचारतज्ज्ञ बाईंच्या तोंडून त्यांनी हमखास चुकीचे सल्ले गंभीरपणे देवविले, आणि उपहासातून रीत शिकवली. या साऱ्या आचारसंहितेला पुढे 'नेटिकेट' हे नाव रूढ झाले.

१६/
१९९० मध्ये माइक गॉडविन या कायदेतज्ज्ञाने आपला सुप्रसिद्ध 'नियम' मांडला: चर्चा जसजशी लांबते, तसतशी कोणीतरी कोणाची तरी तुलना हिटलरशी वा नाझींशी करण्याची शक्यता एककाकडे जाते. हा गणिती थाटाचा विनोद होता, पण हेतू गंभीर होता. क्षुल्लक वादात ती तुलना वापरल्याने ज्यूंच्या नरसंहाराचे गांभीर्य झिजते, हे त्यांना खटकत होते. बोलताना लोकांनी क्षणभर स्वतःकडे पाहावे, म्हणून त्यांनी हे वाक्य मुद्दाम जागोजागी पेरले.

१७/
आता या धाग्याच्या शीर्षकाकडे. अमेरिकेत शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की सप्टेंबरमध्ये नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचे संगणक-खाते मिळे, आणि यूजनेटवर नवख्यांची झुंड येई. ते चुकीच्या जागी प्रश्न विचारीत, विनाकारण भांडत, सारे लेखन मोठ्या अक्षरांत करीत. जुने लोक वैतागत. पण टोकत, समजावीत, मार्गदर्शिका दाखवीत. काही आठवड्यांत नवखे रुळत, किंवा कंटाळून निघून जात. पुढच्या सप्टेंबरपर्यंत शांतता. ही जणू वार्षिक पूरस्थिती होती. पाणी चढे, ओसरे आणि गाळ सुपीक ठरे.

१८/
१९९३ पासून व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचे दार उघडून दिले. १९९४ च्या आरंभी अमेरिका ऑनलाइन या बलाढ्य सेवेचे ग्राहक आले, आणि पाणी ओसरण्याचे थांबले. आता दररोजच नवे लोक येत होते, आणि शिकवणाऱ्यांची संख्या तेवढीच होती. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर यांनी लिहून ठेवले, की सप्टेंबर १९९३ हा कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून जाळ्याच्या इतिहासात नोंदला जाईल. आजची तारीख 'सप्टेंबर १९९३ चा अमुक हजारावा दिवस' अशी दाखवणारी संगणकप्रणालीदेखील कोणी हौशीने लिहिली आहे.

१९/
१२ एप्रिल १९९४ रोजी त्याची प्रचीती आली. ॲरिझोना राज्यातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने 'ग्रीन कार्ड' सोडतीची जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक वृत्तगटांत टाकली. एकच संदेश अनेक गटांना जोडून पाठवला, तर वाचकाला तो एकदाच दिसे. यांनी प्रत्येक गटात वेगळी प्रत टाकली, त्यामुळे तो जाईल तेथे समोर येई. निषेधाच्या पत्रांच्या माऱ्याखाली त्यांच्या सेवादात्याचा संगणक वारंवार कोलमडला आणि त्यांचे खाते बंद झाले. दांपत्याला मात्र खंत नव्हती. अशी जाहिरात कशी करावी, यावर त्यांनी पुस्तकच लिहिले.

२०/
हा क्षण निर्णायक आहे. तोवर संकेत मोडणाऱ्याला लाज वाटे, हीच खरी शिक्षा होती. ज्याला त्या गावात राहायचेच नाही, त्याला गावाची लाज कशी वाटावी? ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संपादित केलेली नेटिकेटची अधिकृत मार्गदर्शिका निघाली. भावना भडकल्या असतील, तर उत्तर पाठवण्यापूर्वी रात्रभर थांबा. सर्व मोठी अक्षरे म्हणजे ओरडणे. वाचणाऱ्याची संस्कृती वेगळी असू शकते. सल्ले आजही सोन्यासारखे आहेत. दुर्दैव एवढेच, की ते लिहून झाले तेव्हा वाचायला थांबणारे लोक गर्दीत हरवले होते.

२१/
याच १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे आपण त्या न संपलेल्या सप्टेंबरमध्येच या गावात पाऊल ठेवले. परदेशातील काही मराठी मंडळी त्याआधीपासून संगणकावर लिहीत होती, यूजनेटवर 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा वृत्तगटही होता. देवनागरीची सोय नसल्याने मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागे. 'आयट्रान्स' पद्धतीत तर लहान टी म्हणजे 'त' आणि मोठा टी म्हणजे 'ट'. मोठी अक्षरे म्हणजे ओरडणे हा नियम तेथे कसा चालावा? मराठी माणूस ओरडत नव्हता, बिचारा 'ट' लिहीत होता!

२२/
यातला विनोद सोडला, तर एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. नेटिकेट इंग्रजीत घडले, म्हणून त्यात इंग्रजीचेच धोके आहेत. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. पण मराठीत तू, तुम्ही आणि आपण आहेत. आपल्याकडे भांडण कोठे पेटले, हे व्याकरणच सांगते: माणूस 'एकेरीवर येतो'. अनोळखी वयस्कर व्यक्तीला टिप्पणीत 'तुला काय कळते' असे लिहिले जाते, तेव्हा एकही शिवी न देता मर्यादा ओलांडली जाते. हा संकेत कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. तो आपणच आपल्या नवख्यांना सांगायचा होता.

२३/
२००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी या साऱ्याला 'ऑनलाइन संकोचलोप' अशा अर्थाची संज्ञा दिली. अनामिकता हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक. त्याखेरीज समोरचा न दिसणे, उत्तर तत्काळ न मिळणे, वाचताना समोरच्याचा आवाज आपल्याच मनात कल्पिणे, अधिकाराची जाणीव पुसट होणे, अशीही कारणे त्यांनी मांडली. त्यांनी दोन प्रकार केले, सौम्य आणि विषारी. एकात माणूस मनातली व्यथा उघड करतो, अनोळखी व्यक्तीला मदत करतो. दुसऱ्यात तोच माणूस विष ओकतो. १९८४ च्या प्रयोगातील जोडफळ येथे पुन्हा भेटते.

२४/
त्यानंतर संकेतांची जागा कळींनी घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक' आले. फालमन यांची खूण आणि ही कळ यांतील फरक पाहण्यासारखा आहे. :-) ही लिहिणाऱ्याची खूण होती, 'माझे बोलणे असे घ्या' अशी विनंती होती. 'लाइक' हा वाचणाऱ्यांचा आकडा आहे. पहिलीने लेखकाला समोरच्या एका माणसाचा विचार करायला लावले, दुसरीने गर्दीचा. थट्टा समजली नाही, तर पूर्वी लिहिणारा चुकला असे धरले जाई. आज गर्दी हसली, तर कोणाला लागले हे विचारण्याची गरज भासत नाही.

२५/
म्हणून या इतिहासाचा धडा मला असा दिसतो. जालावरचे लोक मुळात वाईट झाले नाहीत, आणि केवळ नावे उघड केल्याने ते चांगलेही होणार नाहीत. लेखनात चेहरा नसतो. ती उणीव प्रत्येक पिढीला संकेतांनी भरून काढावी लागते, आणि संकेत हे शिकवावे लागतात. १९९३ पर्यंत ते काम अकरा महिने जुने असलेला माणूस एक दिवसाच्या नवख्यासाठी करीत असे. ते काम कोणत्याही कंपनीने पुढे चालवले नाही. ते करणारे थकले, इतकेच.

२६/
शेवटी पुन्हा ती लिफ्ट. फालमन यांचा मूळ संदेश अनेक वर्षे हरवलेला होता. २००२ मध्ये जुन्या फितींवरील राखीव प्रतींतून तो शोधून काढण्यात आला, आणि भोवतीचे संभाषणही सापडले. त्यातले प्रस्ताव वाचताना एक गोष्ट जाणवते. *, %, &, #, :-) हे सारे उपाय लिहिणाऱ्याने करायचे होते. वाचणाऱ्याला थट्टा कळली नाही, यावर त्या मंडळींनी स्वतःसाठी नियम शोधला.

आपण इतिहासाचे विद्यार्थी. आपल्या वादांत औरंगजेबापासून पानिपतापर्यंत सारे काही पेटते. पुढच्या वेळी एखादा नवखा चुकीचे साल लिहील, तेव्हा त्याच्यासाठी सप्टेंबरचा पहिला दिवस आहे, एवढे आठवावे. त्याला साल सांगावे. 'तुम्ही' म्हणून सांगावे.

धागा समाप्त. :-)